तारखेचा रकाना

परिपत्रक एका पानाचं.
यंदापासून जिल्ह्यांनी आपापलं ठरवावं म्हणे,
शाळा कधी उघडायची.
मुख्याध्यापकांचा अभिप्राय मागवला आहे
आणि अभिप्रायाला जागा ठेवली आहे
माझ्या करंगळीएवढी.

इतकी वर्षं सोपं होतं.
तिकडे पुण्यावर ढग जमले
की इकडे सोलापुरात आमची घंटा वाजायची.
विदर्भाला उन्हाचे म्हणून दिवस वाढवून मिळत.
आम्ही नकाशात त्यांच्या रंगाचे नाही,
आमचा पारा तेवढा त्यांच्या रंगाचा.

अशोक चौकामागं आमच्या सात खोल्या,
त्यातल्या चार पत्र्याच्या.
नव्या पुस्तकांना इथं पहिला वास लागतो घामाचा.
भिंतीपलीकडं यंत्रमाग,
पोरं पाढे त्याच्याच ठेक्यावर म्हणतात;
वीज गेली, माग थांबला,
की बे चोकवर अख्खा वर्ग अडखळतो.

मी विचारत फिरले.
अंबूबाई चिट्याल विडी कारखान्याबाहेर,
मांडीवर सूप, सुपात पानं.
मान वर न करता म्हणाली,
"लवकर उघडा मॅडम. ऊन काय, घरात पण ऊनच की.
सुट्टीत खिचडी नसती."
उन्हाचे सगळे मुद्दे मी वहीत लिहून नेले होते.
हा त्यात नव्हता.

आमचे शिपाई हत्तुरे म्हणाले,
"कधीबी उघडा, फक्त नळाच्या दिवशी नको.
चार दिवसाआड पाणी येतंय,
पहिल्याच दिवशी निम्मी शाळा घागरीमागं."

आणि चौथीतला नरसिमलू,
ज्याचा बाप कधी इथल्या मागावर, कधी भिवंडीच्या,
त्यानं मलाच विचारलं,
"तिकडं कधी उघडणार?"
तिकडचं तिकडचे ठरवतील, मी म्हणाले.
तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला.
दोन जिल्ह्यांच्या दोन तारखा,
मधल्या फटीत मावेल एवढाच आहे तो अंगानं.

संध्याकाळी जुनं रजिस्टर काढलं, उगाच.
नावं शाईची, फिकट.
जन्मतारखेच्या रकान्यात
एक जून, एक जून, एक जून,
जणू अख्खी पेठ एकाच पहाटे जन्मली.
माझी आईही आहे त्यात.
डोक्यावरून हात घेऊन पलीकडच्या कानाला लावायला सांगितला,
बोटं कानाला लागली,
गुरुजींनी लिहिलं सहा वर्षं पूर्ण, एक जून.
आई म्हणायची, खरं तर मी संक्रांतीची,
गड्ड्याच्या यात्रेत पाळणे फिरत होते तेव्हाची.
पण पेन्शन तिला जूनमधल्या बाईच्या नावानं मिळाली.

तर आम्ही, ज्यांनी येईल त्याला तारीख दिली,
आज आमच्याकडेच कुणी तारीख मागतंय.

मी आधी लिहिलं होतं:
दुपारी दोनला पत्र्याला तळहात लावावा,
आणि दहा आकडे मोजेपर्यंत ठेवता आला
की दुसऱ्या दिवशी शाळा.
कार्यालयातून फोन आला.
"मॅडम, वाक्य चालत नाही,
रकान्यात फक्त अंक."
त्यांचाही पंखा मागं करकरत होता.

दुसऱ्या दिवशी दोनला वर्गात एकटी गेले.
बाकावर उभी राहिले,
डोक्यावरून हात नेला वर, पत्र्याला.
तीनपर्यंत मोजलं.

हात चोळत खाली उतरले, खुर्चीत बसले,
अंबूबाईचं सूप आठवलं,
नरसिमलूची बोटं.
मग लिहिलं, दोन अंक, एक रेघ, अजून दोन अंक,
गुरुजींनी लिहिले असतील तसेच,
समोरच्याकडं एकदा नीट बघून.

आणि चौकटीच्या बाहेर,
शिक्क्याखाली दडून जाईल अशा बारीक अक्षरात:
अंदाजे.