पाठ

बुधवार, दुपारचे तीन. माझ्याच खोलीत
मी पाहुण्याच्या खुर्चीत.
विद्यापीठाच्या पत्रात तसं स्पष्टच होतं:
या सहा भेटींत शिकवणारी ती, शिकणारे आपण.
खुर्ची बुटकी आहे. तेवीस वर्षांत कळलं नव्हतं.
इथून टेबल छातीशी येतं
आणि खिडकीतलं ॲबर्डीन दिसतच नाही,
दिसतं फक्त माझ्या पदव्यांचं चौकटीतलं लॅटिन.

इशबेल ड्युगिड. दुसरं वर्ष. पीटरहेडची.
बाप मासळीच्या लिलावात ओरडतो.
त्याचा आवाज तिनं कधी ऐकलेला नाही,
भाव मात्र त्याच्या जबड्यावरून सांगते.

तिनं वही उघडली. माझ्याच तासांची.
माझा विषय पीट, म्हणजे दलदलीतली ती काळी माती,
हजारो वर्षं न कुजता राहिलेलं शेवाळ.
वहीत पहिल्या पानावर: मीट.
'ओलं मीट. उत्तरेला मैलोन्‌मैल पसरलेलं.
लोक ते कापतात, वाळवतात, चुलीत जाळतात.'
दुसऱ्या पानावर बीट, पुढे प्रश्नचिन्ह.
पीट उगवलं तिसऱ्या आठवड्यात.
"प, ब, म. ओठांवर तिन्ही सारखीच," ती म्हणाली,
"इतरांचा अंदाज तरी बांधता येतो.
तुमच्यावर मिशी आहे."

मी हसलो. ती नाही.
तिनं हिशेब पुढे सरकवला:
पन्नास मिनिटांच्या तासात एकोणीस मिनिटं
मी फळ्याशी बोलतो.
घड्याळ लावून मोजली होती, सलग चार तास.
म्हणजे मी तिला पाठ देत होतो खरा,
पण तो पाठ नव्हे,
ती पाठ.

हात वर करायचा होतास, मी म्हणालो.
"केला होता. तुम्ही फळ्याकडे होता."

मग मी त्या कार्यालयाबद्दल बोलू लागलो,
तिथे सोय असते, एक अर्ज असतो...
"अर्जाला उत्तर आलं. मार्चमध्ये. विचाराधीन."
तिनं कागद काढला. खालची सही
ओळखीची वाटली.
समितीचा अध्यक्ष त्या वर्षी मी होतो.
असे वीस कागद एका चहात उरकायचो.

"आता तुम्ही वाचा," ती म्हणाली
आणि आवाज न काढता काहीतरी बोलली.
मी: मासा? ती पुन्हा बोलली.
मी: परवा? पुन्हा.
मी: तुझ्या वडिलांविषयी आहे का?
शेवटी तिनं लिहून दिलं:
'खिडकी लावा, थंडी वाजतेय.'
तासभर ती कोट घालूनच बसली होती.
उठून खिडकी लावली. बाहेर सीगल होता,
चोच उघडत होता, मिटत होता,
काच लागल्यावर तोही मुका.

त्या रात्री मिशी काढली.
मॉराग दारात उभी राहून म्हणाली,
अरे, तुला वरचा ओठ आहे.
एकतीस वर्षांनी तिथे वारा लागला.

चौथ्या भेटीला मी जरा ऐटीतच गेलो.
इशबेलनं पाहिलं, बराच वेळ पाहिलं.
"मिशी काढा असं मी म्हटलं नव्हतं, फर्गस.
टिपणं छापून आदल्या दिवशी द्या म्हटलं होतं."

(ती अजून छापायची होती.)

आता छापतो. दर सोमवारी, यंत्राला शिव्या देत.
फळ्यावर दलदलीचे थर काढतो
तोंड वर्गाकडे ठेवून, हात मागे वळवून,
थर वाकडेतिकडे येतात, मागच्या रांगा खिदळतात.
सवय मात्र जात नाही. काल मधेच
जोरात बोलत सुटलो होतो, नव्या ओठांनिशी,
तर ती तिसऱ्या रांगेत
मान खाली घालून लिहीत होती.

मी थांबलो.
खडू हातात, तोंडात अर्धा प.
वर्गाला वाटलं, विसरला म्हातारा.
तिनं ओळ पूर्ण केली. पान उलटलं.
वर पाहिलं.

मग बोललो.