दहा टक्के

जेल रोडवर जिन्याखाली खोली,
भाडं साडेतीनशे, खिडकी नाही.
उपेंद्र पागनीस प्रोग्रॅम लिहायचा,
मी डबा उघडून धुळीवर फुंकर मारायचो
आणि मशीन चालू व्हायचं.
पाटी रंगवायला पैसे नव्हते तेव्हा
त्यानं वहीच्या पानावर लिहून दिलं :
दहा टक्के तुझे.

सियागंजातल्या सुवालाल सेठची पहिली ऑर्डर.
हळद, जिरं, खोबरं, उधारी, सगळं पडद्यावर.
आठ दिवसांनी गेलो तर मॉनिटरला
कुंकवाचं बोट, झेंडूचा हार,
आणि हिशेब पुन्हा लाल वहीत.
"भिया, रात्री बंद पडला तर कुणाला उठवू?"
उपेंद्र वाद घालत बसला नाही.
दुसऱ्या दिवसापासून शटर वर जायच्या वेळी
मिरच्यांच्या पोत्यावर जाऊन बसायचा, शिंकत,
सात महिने.
मी पाच बसलो.

मग बहिणीचं लग्न निघालं.
ते पान मी त्याला परत दिलं, चौदा हजारांना.
त्यानं ते कुठून आणले, विचारलं नाही.
उरलेल्यात एक जुनी लूना आली.

पुढे बेंगळुरूवाल्यांनी कंपनी घेतली.
पेपरातल्या आकड्यामागची शून्यं मी बोटानं मोजली,
त्याचे दहा टक्के काढले, एकदाच.
खोटं कशाला, दोनदा.

आता तो दुसऱ्यांच्या जिन्याखालच्या खोल्यांत पैसे घालतो.
शनिवारी विजयनगरच्या हॉलमध्ये पोरं जमतात,
लॅपटॉप छातीशी धरून, नव्या बुटांत.
तो त्यांना पोत्यावर बसायला सांगतो.
त्यांना वाटतं, पोतं म्हणजे काहीतरी इंग्रजी आहे.
हॉलचा इन्व्हर्टर माझ्या दुकानातला;
बॅटरीचं पाणी बघायच्या निमित्तानं मी मागे उभा असतो.

परवा खजरान्याची एक मुलगी उठली :
"सर, सुरुवातीला तुम्ही एकटेच होता?"
"नाही. एक जण होता. फुंकर मारायचा."
पोरं हसली.
तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

नंतर पार्किंगमध्ये तो म्हणाला,
"हिला पैसे द्यावेत का?"
मी विचारलं, तिच्यासोबत कोण आहे?
"मावसभाऊ. वायरिंग करतो."
मग त्याचा कागद नीट स्टँपवर कर, मी म्हणालो,
आणि सांग त्याला,
घरात लग्न निघालं तर आधी तुझ्याकडे यायचं.

तो बराच वेळ गाडीची किल्ली फिरवत राहिला.
वर हॉलमधले पंखे कुणीतरी चालूच ठेवले होते.
मी बंद करायला गेलो.