झाकण

दोलोन खिंडीला तीन वळणं उरली होती
तेव्हा काटा लाल रेघेवर जाऊन बसला.
कानिमेत एजेनं गाडी कडेला घेतली,
इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला,
मागच्या चाकाला दगड लावला
आणि म्हणाली, "आता चहा."

आम्ही सहा जण, पिठाची दोन पोती,
आणि शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मांडीवर
कुणा नवरीचा पांढरा टोप, अर्धवट.
बॉनेटच्या फटीतून वाफ
वाऱ्यानं आडवी होऊन चाललेली.

ओरोझबेक हाताला रुमाल गुंडाळतच उतरला.
"झाकण तर उघडायचंय. दोन मिनिटांचं काम."
एजेनं त्याला अडवलं नाही,
नुसती स्वतःची बाही कोपरापर्यंत वर सारली.
दुधावरची साय बोटानं ढकलावी
आणि ती तिथंच सुरकुतून राहावी, तसा हात.
"ह्याला दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती."
ओरोझबेकनं रुमाल खिशात घातला.

मग पाऊण तास.
चीनकडून आलेले अकरा ट्रक,
एक मेंढपाळ, ज्याला आमची कीव आली,
टोपाला लागलेले सात मणी.
पोतीवाल्याचं पोरगं बाटली घेऊन ओढ्याकडे निघालं
तशी एजे ओरडली, "ते तू पी!
तापल्या लोखंडावर बर्फाचं पाणी ओतलंस
तर इंजिन तडकेल,
मग इथंच संसार थाट."

मी बोलत नव्हतो.
माझ्याकडे बाबांना सुनवायची वाक्यं होती,
बिश्केकपासून धार लावत आणलेली.
न विचारता घोडी विकली.
माझी घोडी.
दारात पाऊल टाकल्या टाकल्या बोलणार होतो.

एजेनं हाताची पालथी बाजू रेडिएटरपाशी नेली,
तापल्या पोराच्या कपाळाशी न्यावी तशी.
पुन्हा थोडी थांबली. पुन्हा नेली.
मग जाड फडकं, तोंड बाजूला, पाव फेरा.
फुस्स करून आतलं काहीतरी निघून गेलं.
मग उरलेले फेरे.

डिकीतून दोन डबे निघाले, एक हिरवा, एक शुद्ध पाण्याचा.
मी शहाणपणा केला, "पाणी कशाला?
नुसतं हिरवंच घाला, गोठायची भीतीच नको."
"नुसतं घातलं तर ते आधी गोठतं," ती म्हणाली.
"निम्मं पाणी मिसळलं की उणे पस्तीसलाही वाहतं.
का, ते मला विचारू नकोस, मी मास्तरीण नाही.
नरसाळं धर."

मी धरलं. हात हलला. बुटावर सांडलं.
ती वरच्या रेघेच्या खालीच थांबली,
"तापलं की त्यालाही अंग पसरायला जागा लागते."
जमिनीवरच्या डागावर तिनं माती टाकली,
माती खरवडून पिशवीत भरली, पिशवीला गाठ मारली.
"गोड असतं हे. कुत्री चाटतात.
दोन दिवसांत संपतात."

रात्री घराचं दार बाबांनीच उघडलं.
त्यांच्या पायांमधून अक्तोश, म्हातारा, अर्धा आंधळा,
नाक खाली घालून थेट माझ्या बुटांकडे.
मी उंबऱ्यावरच बूट काढले
आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरले.

"हे काय रे?"
"कूलंट सांडलंय. गरम पाणी हवं. कुत्र्याला आत घ्या."

बाबांनी कुत्र्याला आत घेतलं, किटली चढवली,
आणि मोज्यांवर उभ्या असलेल्या मला विचारलं,
"झाकण कोणी उघडलं?"

मी सांगायला लागलो. ओरोझबेकपासून.
अंगणातल्या रिकाम्या खुंट्याकडे
आम्ही दोघांनीही अजून पाहिलं नव्हतं.