बिडू

उद्यमबागेत जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची.
हाताची काळी वाळू धुतली तरी नखांत राहतेच.
मोबाईल डब्याच्या झाकणाला टेकवून
मी काठमांडूची मॅच लावली.
दक्षिण आशियाई स्पर्धा, सेमीफायनल, पोरींची.
गोलात आमची गौरव्वा.

दोन मॅचा ती बाकावर बसून होती.
पहिल्या गोलकीपरचं बोट मोडलं
म्हणून आज हिचे हातमोजे टीव्हीवर.
कॉमेंट्रीवाला सारखा म्हणतोय, तलवार, तलवार,
आणि प्रत्येक वेळी धार काढतोय नावाला.
त्याला कोण सांगणार,
तळवार म्हणजे पात्याची नव्हे, गावराखणीची.
हिच्या पणज्यानं काकतीच्या वेशीवर
रात्रीच्या रात्री कंदील धरून काढल्यात.

डिक्रूझ सर मला नावानं कधी हाकच मारत नसत.
"ए कुद्रेमनी, माणूस धर!"
मी स्टॉपर. माझ्यामागं गौरव्वा.
आमच्या घरात कन्नड म्हणजे
बसची पाटी आणि रेशनची पावती.
तिच्या घरात मराठी म्हणजे बाजारचा भाव.
मैदानावर मात्र चार शब्द पुरायचे:
कोडू, बा, हिंदे, बिडू.
दे, ये, मागं, सोड.
मीही "मागं" म्हटलं की ती वळायची.

धारवाडची फायनल.
शून्य-शून्य, शेवटची दोन मिनिटं,
गुडघ्यापर्यंत तांबडा चिखल.
उजवीकडनं उंच बॉल आला
आणि ती गोल सोडून धावत सुटली, ओरडत, "बिडू!"
शब्द मला कळला होता.
आजवर सगळ्यांना सांगितलं, कळला नाही म्हणून.
कळला होता.
पण तो कानाच्या दारात उभा राहिला,
आत ये म्हणायच्या आधीच
माझा पाय गेला.
बॉल तिच्या पोटाखालनं आमच्याच जाळीत.

कोणी काही बोललं नाही. तेच वाईट.
गौरव्वानं जाळीतनं बॉल काढला,
जर्सीला पुसला, माझ्या हातात दिला.
म्हणाली, "होगली बिडू."
जाऊ दे, सोड.
तोच शब्द. दोन मिनिटांत दोनदा.
दुसऱ्यांदाही मला सोडता आला नाही.

त्यानंतर तिला कॅम्पचं पत्र आलं
आणि मला स्थळ.
स्थळ मोडलं, मग फाउंड्री.
ही काही रडकथा नव्हे, पगार वेळेवर होतो.

सत्तर मिनिटं झाली, एक-एक.
शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडर सुरू झाला
आणि कॉमेंट्री बुडाली.
आता नुसती चित्रं, मुक्या मुक्या पोरी.
नेपाळचा कॉर्नर.
बॉल वर गेला, अगदी तसाच, उजवीकडनं,
आणि आपली चार नंबर,
मणिपूरची बारकीशी पोर,
पाय उचलून तयार.
गौरव्वा निघाली.
तिचं तोंड मला दिसलं.
ओठ एकदा मिटले, मग गोल झाले.
ओठ वाचायला मला कुणी शिकवलेलं नाही,
पण तो शब्द मी सहा वर्षं वाचतेय.

बाकाखाली मी पाय मागं घेतला.
इतक्या जोरात, की डबा लवंडला,
आमटी मिनाजच्या चपलेवर.
"काय झालं गे?"
स्क्रीनवर बॉल गौरव्वाच्या छातीशी,
आणि चार नंबर बाजूला, दोन्ही हात वर करून,
सोडला सोडला, म्हणावं तशी.
तिला कन्नड कधी शिकवलंस, गौरव्वा?
सराव करता करता, की जेवताना?
की तिनं नुसता विश्वास ठेवला?

भोंगा झाला. मोबाईल लॉकरमध्ये.
दुपारभर साचे भरले, एकही फुटला नाही.

संध्याकाळी बसमध्ये कॉलेजची दोन पोरं बोलत होती:
हरल्या, पेनल्टीत.
गोलकीपरनं दोन अडवले म्हणे,
तिसरा बोटाला लागून आत गेला.

होगली, मी म्हटलं.
पुढचा शब्द मात्र
स्टॉप येईपर्यंत तोंडातच ठेवला.