कोमट

मांडवात आज उपदेशक घसा बसेपर्यंत बोलला.
बाहेरगावचा, तिशीतला,
माइकची वायर मनगटाला गुंडाळलेली.
म्हणाला, लावदिकीयाच्या मंडळीला प्रभूनं काय सांगितलं?
तू ऊन नाहीस, थंडही नाहीस,
कोमट आहेस, म्हणून तुला ओकून टाकीन.
मग डोळे मिटून :
कोण पेटलंय इथं? हात वर करा.

मिरजेचा एप्रिल. पंखे झळा ढवळत होते.
शेजारी तारामती सातपुते रडत होती, दोन्ही हात वर.
मी पर्समध्ये रुमाल शोधत राहिले.

शमुवेल असते तर त्यांचा हात सगळ्यात आधी वर गेला असता.
माझा नवरा पेटायचा, खरंच पेटायचा.
ढोलकीवर थाप पडली की कपाळाची शीर उभी राहायची,
प्रार्थनेतला आवाज स्टेशनापर्यंत जायचा,
आणि घरी भाकरी गार झाली म्हणून
ताट भिंतीवर जायचं.
एकाच विस्तवाची ही दोन तोंडं, की दोन विस्तव,
मला शेवटपर्यंत कळलं नाही.
पाणी आटलेल्या साली जतला जाऊन
चार महिने टँकरच्या टपावर बसून राहिले,
तेही त्याच जाळानं.
म्हणून मी त्या जाळाला हसत नाही.
जाताना म्हणाले, सगुणा, गा.
मी गायले. बेसूर, नाक चोंदलेलं.

पण देवा, मी छत्तीस वर्षं नर्स होते.
तुझ्या त्या ओळीवर मला थोडं बोलायचंय.

बेडगच्या शिवारातून बिरू आला होता,
अकरा वर्षांचा,
हळद शिजवायच्या काहिलीत मांडीपर्यंत पाय गेलेला.
वर पिवळं. पिवळ्याखाली काय होतं ते सांगत नाही.
शिजल्याबिगर हळद रंग धरत न्हाई बाई,
त्याचा बाप सारखा तेच म्हणत होता,
जसं काही कुणी विचारलं होतं.

रोज सकाळी पट्टी.
सुकलेली ओढली तर मास घेऊन येते.
ती भिजवायची. थंड पाण्यानं पोर थरथरतं,
ऊन पाण्याचं तर नाव काढायचं नाही.
उकळायचं, निववायचं,
थेंब आपल्या मनगटावर टाकून बघायचा,
मग हळूहळू सोडायचं, पाऊण पाऊण तास,
पट्टी आपसूक सुटेपर्यंत.
बिरू माझ्या साडीचा काठ मुठीत धरून शिव्या द्यायचा,
अर्ध्या मराठी, अर्ध्या कानडी.
एकोणपन्नास दिवस.
पन्नासाव्या दिवशी तो आपल्या पायांनी चालत गेला म्हणे.
मी रजेवर होते.

त्या छत्तीस वर्षांत कुणी मला विचारलं नाही
तुझ्यात आवेश किती.
विचारलं असतं तर थर्मामीटर झटकून
मी पुढच्या खाटेकडे गेले असते.

आज गुरुवार.
मांडवात बसल्या बसल्या तीच रात्र आठवली, माडीवरची.
तू कमरेला रुमाल बांधलास, गंगाळात पाणी ओतलंस.
ते ऊन होतं का थंड, योहानानं लिहिलेलं नाही.
बारा जणांचे चोवीस पाय,
धूळ, भेगा, कुणाचं नख गेलेलं,
त्यात यहूदाचेही दोन.
मला वाटतं, आधी तू मनगटावर बघितलं असशील.
उद्या ज्यात खिळा जायचा होता, त्याच.

सभा सुटली. उपदेशक खुर्चीत बसला होता,
तोंडातून नुसता वारा येत होता.
उद्या सात वचनांवर बोलायचंय, त्यानं खुणेनं सांगितलं.
मी तारामतीच्या घरून तांब्या आणला,
चमचाभर मीठ ढवळलं,
सवयीनं एक थेंब मनगटावर.
गुळण्या करा, म्हटलं. गिळू नका.

त्यानं मान वर केली, खळखळवलं,
आणि मांडवामागच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी
सगळं ओकून टाकलं.

आवाज थोडा सुटला.