शून्य पूर्णांक सहा

करारावर माझा आकडा आहे शून्य पूर्णांक सहा,
म्हणजे सोम, मंगळ, बुध.
उरलेलं शून्य पूर्णांक चार इयली गेडीसचं.
एक खुर्ची, एक संगणक, दारावर पाटीही एकच:
मधे तिरपी रेघ,
रेघेच्या अलीकडे खानझोडे, पलीकडे ती.
डंडीतल्या या तिसऱ्या मजल्यावर
आम्ही दोघी मिळून
एक व्याख्याता भरतो.

बुधवारी दुपारी ती येते,
पगारात न धरलेल्या पाऊण तासासाठी.
सूप गार होईस्तोवर सांगून होतं
कुणाचा प्रबंध कुठे अडलाय,
कुठली बाई तपासणीच्या खोलीत रडली,
उणे ऐंशीचा फ्रीजर रात्री किती वेळा ओरडला.
एरवी आम्ही एकमेकींना ओळखतो
खणातल्या चिठ्ठ्यांवरून
आणि खुर्चीच्या उंचीवरून.
सोमवारी मी ती खाली करते,
गुरुवारी ती वर.

बाबा आर्वीच्या शाळेत गणित शिकवायचे.
पावकी, निमकी, पाउणकी
माझ्याकडून घोटून घेतलेली, ताटावर बसण्याआधी.
त्यांना फोनवर सांगितलं, आता साठ टक्केच काम.
ते जरा थांबले.
"साठ म्हणजे फर्स्ट क्लास की गं."
त्या आकड्याला शाबासकी देणारा
तोवर एकही माणूस भेटला नव्हता.

उबवणपेटीतल्या मूत्रपिंडाच्या पेशींना
करार वाचता येत नाही.
त्यांना शुक्रवारीही भूक लागते.
मोराग त्यांना खाऊ घालते, वर मला फोटो पाठवते,
पाळणाघरातून येतात तसे.
आणि गुरुवारी टेच्या काठावर
निमिष समुद्रपक्ष्यांशी सँडविचवरून भांडत असतो
तेव्हा माझा अंगठा खिशात
कुणाच्या तरी निबंधावर शेरे लिहीत असतो.
खोटं कशाला बोलू.
गुरुवार गळका आहे.

बढतीच्या अर्जात अकरावी चौकट :
*संशोधन कमी असण्याचं कारण, शंभर शब्दांत.*
मी लिहिलं : कमी नाही. सातला शून्य पूर्णांक सहाने भागून पाहा.
मग ते खोडलं.
लिहिलं : कौटुंबिक जबाबदारी.
अठ्ठ्याण्णव शब्द शिल्लक राहिले,
ते कुणाला परत करायचे
हे अर्जात कुठेच दिलेलं नाही.

मंगळवारी डायलिसिसला टॅम रॅटरे असतो,
बत्तीस वर्षं बस चालवलेला,
अजूनही प्रत्येकाला आत घेताना मागे वळून बघणारा.
"शुक्रवारी फोन केला तर तू नव्हतीस."
मी म्हटलं, मी अर्धवेळ आहे.
त्याने हातातल्या दोन नळ्यांकडे पाहिलं,
त्यातून त्याचंच रक्त फिरून घरी येत होतं.
"मीपण," तो म्हणाला.
"मंगळ, गुरु, शनि यांचा.
बाकीचे दिवस कबुतरं उडवतो.
कबुतरांना माहीत नाही मी आजारी आहे ते.
सांगूही नकोस."

त्याचं मूत्रपिंड सहा टक्के चालतं.
मी रिपोर्टवर तो आकडा
कितीदा तरी लिहिलाय,
पण त्या दिवशी लिहिताना
पेन उगाच थोडं थांबलं.

परवा खणात इयलीची चिठ्ठी :
खुर्ची मधल्या उंचीवर ठेवून पाहूया का?
पाहिली, दोन आठवडे.
दोघींचीही पाठ धरली.

आता पुन्हा
सोमवारी खाली,
गुरुवारी वर.