पुरावा

पेन्शनच्या अर्जात व्यवसायाला रकाना एकच.
इनासकाका विचारतो, काय लिहू?
मेंडोलिन, मोरचंग, गिटार,
करवंट्या आपटून घोडे,
भुताच्या पिक्चरला पेल्याच्या काठावरून ओलं बोट.
आणि शीळ.
नायक माळावर एकटा उभा राहिला
की चेहरा कुणाचाही असो,
ओठ चरईतले.

शिकला एका इटालियन तबकडीवरून,
चोरबाजारात दीड रुपयाला घेतलेली.
कव्हरवर संगीतकार, नट, घोडासुद्धा.
शीळवाल्याचं नाव नाही.
“तेव्हाच कळायला हवं होतं,” म्हणतो,
आणि हसत नाही.

खिडकीतला साहेब म्हणाला, पुरावा जोडा.
टायटलमध्ये नाव? नाही.
पावत्या? रोख मिळायचे, पाकिटात.
मग वाजवून तरी दाखवा.
काकानं ओठ जुळवले.
समोरचे दोन दात मार्चमध्येच
कोलबाडच्या डॉक्टरनं काढलेत.
नुसती हवा आली.

येताना तलावपाळीच्या कट्ट्यावर टेकलो.
अर्ज माझ्या मांडीवर, रकाना कोरा.
बराच वेळ तो पाण्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, “हवापण लागते रे.
एका सीनला मी फक्त वारा होतो,
दोन मिनिटं.
साडेतीनशे दिले.
शिळेचे दोनशेच द्यायचे.”